सोळा बाय वीसची फ्रेम

"फ्रेम मी करतो," असं मी चर्चच्या सभेत उभा राहून म्हणालो, तेव्हा माझ्या आवाजातला ठामपणा माझा मलाच नवा होता. वेल्मानं, म्हणजे माझ्या बायकोनं, माझ्या कोटाचं टोक धरून खाली ओढायचा प्रयत्न केला. पण मी एव्हाना पुरता उभा राहिलो होतो, आणि अर्ध्यातून बसणं हे उभं राहण्याहून वाईट दिसतं.

विषय साधा होता. आमचे पास्टर एझ्रा स्पार्क्स एकतीस वर्षांनी निवृत्त होणार होते. मार्चच्या शेवटच्या रविवारी त्यांचा निरोप. त्यांचा एक मोठा फोटो, सोळा इंच बाय वीस इंच, चर्चमध्ये कायमचा लावायचा होता. सिस्टर अल्थीया बोर्डन म्हणाल्या, की दुकानात तयार फ्रेम मिळते, वीस मिनिटांचं काम आहे. सिस्टर अल्थीया या आमच्या मालमत्ता समितीच्या अध्यक्ष. समितीत त्या एकट्याच असल्यामुळे तिथले ठराव एकमतानं होतात.

"दुकानातली?" मी म्हणालो. "ज्या माणसानं एकतीस वर्षं आपल्याला देवाचं वचन ऐकवलं, त्याला दुकानातली फ्रेम? मी लाकडात कोरीन. द्राक्षांचा वेल, आणि चारी कोपऱ्यांत आपल्या नोव्हा स्कोशियाचं मेफ्लॉवरचं फूल. माझ्याकडे यंत्र आहे. आणि विसरू नका, या चर्चची ही बाकं माझ्या खापरपणजोबांनी नुसत्या कुऱ्हाडीनं आणि रंध्यानं केलीत."

"त्यांच्याकडे यंत्र नव्हतं," सिस्टर अल्थीया म्हणाल्या, "म्हणूनच बाकं झाली, ब्रदर लॉर्न."

लोक हसले. देवाच्या घरात हसावं, मनमोकळं हसावं, पण माझ्यावर हसायला नको होतं. त्या क्षणी ती फ्रेम माझ्या इभ्रतीची झाली.

इभ्रतीचं सोडा, पण पास्टर स्पार्क्स यांच्यासाठी मला मनापासून काही तरी करायचं होतं. ते प्रवचन देतात असं म्हणणं बरोबर नाही. सुरुवातीला ते बोलतात, तेही इतकं सावकाश, की किराण्याची यादी वाचतायत असं वाटावं. दहाव्या मिनिटाला बोलण्यात ठेका येतो. विसाव्या मिनिटाला एकेका ओळीच्या शेवटी सूर लांबायला लागतो, ऑर्गनवर बसलेली वेल्मा त्या सुराखाली हळूच एक स्वर सरकवते, आणि मग बोलणं कुठं संपलं आणि गाणं कुठं सुरू झालं ते देवालाच माहीत. आम्हीही खाली गप्प बसत नाही. त्यांची प्रत्येक ओळ झेलायची आणि दुप्पट आवाजात परत पाठवायची, ही आमची तऱ्हा. माझी आई गेली तेव्हा तिच्या कबरीपाशी, उणे चौदा तापमानात, त्या माणसानं चार ओळी गायल्या. त्या चार ओळींच्या उबेवर मी तो हिवाळा काढला. अशा माणसासाठी चार लाकडं कोरायची म्हणजे काय मोठं?

यंत्र मी निवृत्त झाल्यावर घेतलं होतं. गाड्यांच्या नोंदणी कार्यालयात खिडकीमागं अठ्ठावीस वर्षं काढलेल्या माणसाला निवृत्तीनंतर एखादी हुकूम मानणारी गोष्ट लागतेच. सीएनसी राउटर म्हणजे, एक टेबल, त्यावर मागंपुढं सरकणारा एक पूल, आणि पुलाला लटकलेली, मिनिटाला हजारो फेरे घेणारी एक मोटर. मोटरीच्या तोंडात बोटाएवढं पातं. आपण संगणकावर चित्र काढायचं, बटण दाबायचं, आणि यंत्र तेच चित्र लाकडात कोरून देतं. जोडायला मला पाच महिने लागले. यंत्र गॅरेजात आलं आणि आमची गाडी बाहेर बर्फात गेली. वेल्मा रोज सकाळी काचेवरचा बर्फ खरवडताना खिडकीकडे बघायची. मी पडदा ओढून घ्यायचो.

गॅरेजच्या पलीकडे डगी मॅक्निल राहतो. कागदगिरणीतून निवृत्त. डगीला जगातलं सगळं काम येतं. त्यानं त्यातलं काही केलेलं मात्र कुणी पाहिलेलं नाही. कॉफीचा मग घेऊन तो माझ्या गॅरेजच्या दारात उभा राहतो आणि बर्फ आत येऊ देतो.

"फ्रेम होय? सोपं आहे," डगी म्हणाला. "मापं टाक आणि बटण दाब. बाकी ते यंत्राचं काम. तू उगाच तिथं उभा राहिलास की ते बुजतं."

मी मापं टाकली. सोळा, वीस. वेलीच्या पट्टीला भोवतीनं तीन-तीन. म्हणजे बाहेरून बावीस बाय सव्वीस. मेपलची एकसंध मोठी फळी टेबलावर आवळली. यंत्राला हळूच "देव तुझं भलं करो" म्हणालो, बटण दाबलं आणि ते बुजू नये म्हणून चहा करायला घरात गेलो. चार तासांचं काम होतं. पाणी उकळायच्या आत यंत्र थांबलं.

मला आधी अभिमान वाटला. म्हटलं, काय वेग आहे! मग गॅरेजात जाऊन बघितलं, तर फळी कोरीच. बारकाईनं बघितलं तेव्हा मधोमध उंदरानं कुरतडल्यासारखा एक खळगा दिसला. चष्मा बदलून बघितलं, तेव्हा त्या खळग्याला चार कोपरे आहेत हे लक्षात आलं. बावीस बाय सव्वीसच होती फ्रेम. मिलिमीटर. पोस्टाच्या तिकिटाएवढी.

वेल्मानं ती फळीतून सुटी करून उजेडात धरली. "सुबक झालीय," ती म्हणाली. "फक्त हिच्यात मावायचं तर पास्टरांना बरेच उपास धरावे लागतील."

यात माझा दोष नाही. दोष देशाचा आहे. आम्ही कॅनडाच्या लोकांनी पन्नासेक वर्षांपूर्वी मीटर-किलोची मापं स्वीकारली, म्हणजे निम्मी स्वीकारली. बाहेरची थंडी आम्ही सेल्सियसमध्ये सोसतो आणि त्याच घरात टर्की फॅरनहाइटमध्ये भाजतो. दूध लिटरनं, बटाटे पौंडानं. रस्त्यावरच्या पाट्या किलोमीटरच्या, पण हॅलिफॅक्स किती लांब असं विचारलं तर उत्तर येतं, दीड तास. उंची फुटात, पाऊस मिलिमीटरात, आणि लाकूड इंचात. तेही खोट्या इंचात, कारण एक बाय सहाची म्हणून घेतलेली फळी घरी आणून मोजली तर एकही भरत नाही आणि सहाही भरत नाही. देवानं नोहाला तारू बांधायला सांगितलं तेव्हा लांबी, रुंदी, उंची तिन्ही 'हात' या मापात सांगितली. एकच माप. हेच त्यानं आमच्याकडे सांगितलं असतं, तर नोहानं लांबी मीटरमध्ये धरली असती, फळ्या इंचांत आणल्या असत्या, आणि बुटाच्या खोक्याएवढ्या तारवात दोन मुंग्या तेवढ्या वाचल्या असत्या.

हे सगळं मी वेल्माला समजावून सांगितलं. ती म्हणाली, "लॉर्न, निरोपाला सोळा दिवस राहिलेत. दिवसांचं माप अजून तरी एकच आहे."

दुसऱ्या दिवशी मापं नीट करून मी पुन्हा बटण दाबलं. आता यंत्र खरोखर कामाला लागलं, आणि त्याचा खरा आवाज मला प्रथमच कळला. डुकराची शेपटी दारात सापडावी आणि ते डुक्कर सतत चार तास तक्रार करत राहावं, असा तो आवाज. जोडीला भुसा ओढणारा पंप. चाळीस मिनिटांनी दारावर टकटक झाली. गावच्या पालिकेचा माणूस उभा होता.

"माफ करा हं, मिस्टर क्लाइक," तो म्हणाला. "मी थिबोडो. फार वाईट वाटतंय मला, पण आवाजाची तक्रार आलीय."

"कुणाची?"

"नाव सांगता येत नाही, माफ करा. एवढंच सांगतो, तक्रार फार जवळून आलेली आहे."

मी वळून घराकडे बघितलं. वेल्मा स्वयंपाकघराच्या खिडकीतून बागेतली फुलं न्याहाळत होती. मार्चमध्ये आमच्या बागेत फुलं नसतात. तीन फूट बर्फ असतो.

मी यंत्र बंद केलं. थिबोडोनं सौजन्यानं एक पाच पानी अर्ज पुढं केला. निवासी जागेत यंत्र चालवण्याचा परवाना. यंत्राचा प्रकार, हेतू, आवाजाची पातळी, भुशाची विल्हेवाट. मी हेतूपुढं लिहिलं, 'देवाचं काम'. त्यानं अदबीनं विचारलं, की ते व्यापारी स्वरूपाचं आहे की बिनव्यापारी? मी सही केली. तो सहीकडे बराच वेळ बघत राहिला.

"तुम्ही मला ओळखलं नाहीत," तो म्हणाला.

"नाही."

"नऊ वर्षांपूर्वी मी माझ्या ट्रेलरची नोंदणी करायला तुमच्या खिडकीवर आलो होतो. तुम्ही मला तीनदा परत पाठवलंत. पहिल्यांदा, सही चौकोनाच्या बाहेर गेली म्हणून."

"नियम असतो तो," मी म्हणालो. माझा आवाज जरा बारीक आला.

"हो ना. नियमच." त्यानं माझ्या सहीवर बोट ठेवलं. "हिची शेपटी बाहेर गेलीय. माफ करा हं. फार वाईट वाटतंय." आणि कोरा अर्ज देऊन तो गेला. जाताना माझ्या पायरीवरचा बर्फसुद्धा त्यानं पायानं बाजूला केला. सौजन्यानं केलेल्या छळाला आमच्या देशात औषध नाही.

परवाना आला तो तिसऱ्या अर्जाला, नवव्या दिवशी. सोमवार ते शुक्रवार, सकाळी दहा ते दुपारी चार. अर्धवट कोरलेली फळी एव्हाना गॅरेजच्या दमट हवेत वाकून पन्हळीसारखी झाली होती.

"मेपल असं दुकानातलं घ्यायचंच नसतं," डगी दारातून म्हणाला. "माझ्याकडे घरचं आहे. आजोबांनी लावलेलं झाड, वादळात पडलं. बारा वर्षं वाळवलंय. जोडून फळी देतो तुला. त्या लाकडाला माझ्या घराण्याचा इतिहास आहे."

"खिळेबिळे नाहीत ना रे त्यात?"

"झाडाला खिळे कोण मारतं, लॉर्न? अरे, झाड आहे ते, कुंपण नव्हे."

खिळे नव्हते हे खरं. पण डगीचे आजोबा वसंतात त्या झाडाला भोक पाडून, रस उतरवायला लोखंडी नळी ठोकायचे. आमच्याकडे सगळेच ठोकतात, रस आटवला की मेपलचा पाक होतो. एका वर्षी आजोबा एक नळी काढायला विसरले. झाड वाढत गेलं आणि त्यानं ती नळी पोटात घेतली. डगीच्या घराण्याचा तो इतिहास मंगळवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी माझ्या पात्याला भेटला.

बंदुकीच्या बारासारखा आवाज झाला. पातं मोडलं आणि त्याचा तुकडा गॅरेजभर फिरून शेवटी मागच्या फळीवर पोचला. तिथं वेल्मानं निरोपाच्या जेवणासाठी ठेवलेल्या चाउचाउच्या अकरा बरण्या होत्या. चाउचाउ म्हणजे आमचं हिरव्या टोमॅटोचं लोणचं, आंबटगोड. ते शरद ऋतूत करायचं, मुरवायचं, आणि मोठ्या दिवसाला उघडायचं. त्या दिवशी एकदम उघडलं. तुकडा एकाच बरणीला लागला, पण ती शेजारणीवर कलली, शेजारीण तिच्या शेजारणीवर, आणि बघता बघता फळीच खाली आली. यंत्रावर, भुशावर, परवान्यावर, डगीच्या कॉफीत चाउचाउ.

दोन बरण्या वाचल्या. वेल्मा दारात येऊन उभी राहिली. ती काही बोलली नाही. सदतीस वर्षांत मी तिला न बोलताना फार कमी वेळा पाहिलंय, आणि त्यातल्या प्रत्येक वेळी मी नंतर फुलं आणलीत.

"चव छान आहे, वेल्मा," डगी कॉफीचा घोट घेऊन म्हणाला.

"डगी, तू घरी जा," ती म्हणाली. "आणि तुझा इतिहास बरोबर घेऊन जा."

आता हाताशी एकच दिवस होता, शुक्रवार, कारण नवं पातं गुरुवारी दुपारनंतर आलं. पाइनची साधी, बिनइतिहासाची फळी आणली. लोखंड शोधायला तिच्यावरून लोहचुंबक फिरवलं. मापं इंचांत आहेत हे तीनदा बघितलं, चौथ्यांदा वेल्माला बघायला लावलं. ठीक दहा वाजता बटण दाबलं. डगीला मी दारात उभं राहू दिलं नाही, तो खिडकीतून बघत होता.

आणि काय सांगू! अकरापर्यंत वरच्या पट्टीवर द्राक्षांचा वेल उमटला. पानांच्या शिरा, वेलीचे आळोखेपिळोखे, कोपऱ्यात मेफ्लॉवरच्या पाच पाकळ्या. लाकडाचा वास सुटला होता. मी टोपी काढली. त्या पोस्टाच्या तिकिटापासून चाउचाउपर्यंतचं सगळं विसरलो. बाराला दुसरी पट्टी झाली, एकला तिसरी. मी रविवारी काय बोलायचं त्याची मनातल्या मनात तयारी करू लागलो. थोडक्यात आणि नम्रपणे बोलायचं असं ठरवलं. सिस्टर अल्थीयांकडे बघायचं, पण रोखून नाही.

बाहेर वादळ सुरू झालं होतं. आमच्याकडे मार्चमध्ये हिवाळा जायला निघतो, आणि दारापर्यंत जाऊन काही तरी विसरलं म्हणून परत येतो. एक वाजून वीस मिनिटांनी वीज गेली. यंत्र चौथ्या पट्टीच्या सुरुवातीला थबकलं.

मी वाट पाहिली. दोन वाजले. अडीच वाजले. तीनला दहा मिनिटं असताना दिवा लागला. चारच्या आत संपवायचं होतं. चारनंतर यंत्र चाललं की थिबोडो वाईट वाटून घ्यायला हजर.

"चालू ठेव!" डगी खिडकीबाहेरून ओरडला. "नुसतं बटण दाब. त्याला माहीत असतं कुठं राहिलं होतं ते!"

त्याला माहीत नव्हतं. वीज गेल्यावर यंत्र सगळं विसरतं, आणि जागं झाल्यावर आपण जिथं उभे आहोत तीच जगाची सुरुवात असं समजतं. माझ्या बटणानं त्यानं पूर्ण फ्रेम पहिल्यापासून कोरायला घेतली, चौथ्या पट्टीच्या कोपऱ्यापासून. मला कळेपर्यंत पुलानं टेबलाचं टोक गाठलं होतं, फळी आवळणारा क्लॅम्प कापला होता, आणि चौथ्या पट्टीचे दोन तुकडे जमिनीवर पडले होते.

राहिली ती तीन बाजूंची फ्रेम. तीन सुंदर बाजू.

डगी आत आला. त्यानं टोपी काढली, यंत्राला एक फेरी घातली. "खालची बाजू वर कर," तो म्हणाला, "आणि चार खुंट्या ठोक. कोट छान अडकवता येतील."

मी त्याला मारलं नाही. मी ख्रिस्ती माणूस आहे, आणि तो दाराच्या जवळ उभा होता.

शनिवारी सकाळी मी वेल्माला सांगितलं की खिळे आणायला जातो, आणि शेजारच्या मोठ्या गावातल्या दुकानात गेलो. सगळ्या वस्तू मिळतात ते. ईस्टरच्या चॉकलेटी सशांच्या पलीकडे, नाताळच्या उरलेल्या माळांच्या अलीकडे, फ्रेमांची रांग. मी कॉलर वर केली होती, टोपी डोळ्यांवर ओढली होती. रांगेच्या टोकाला आणखी एक माणूस कॉलर वर करून, टोपी डोळ्यांवर ओढून उभा होता. त्याच्या हातात सोळा बाय वीसची फ्रेम होती.

"पास्टर?" मी म्हणालो.

"लॉर्न," पास्टर स्पार्क्स म्हणाले. दबक्या आवाजातसुद्धा त्यांनी माझ्या नावाचा शेवट दोन सुरांत लांबवला.

"कुणासाठी घेताय?"

"माझ्यासाठीच की. उद्या माझा फोटो लावणार आहेत म्हणतात."

"पण फ्रेम तर मी करतोय ना!"

"हो," ते म्हणाले. "म्हणूनच."

त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "अरे, एकतीस वर्षं ओळखतो मी तुला. तू चाकाच्या खुर्चीसाठी उतार करणार होतास. मग सूचनांचा फळा. मग नाताळात गोठ्यातली गव्हाण. त्या वर्षी आपण बाळ येशूला केळ्यांच्या खोक्यात निजवलं."

"ते वाईट दिसलं नव्हतं," मी म्हणालो.

"छान दिसलं होतं. खोक्यावर 'नाजूक माल' लिहिलेलं होतं, मी त्यावरच पंधरा मिनिटं गायलो." त्यांनी फ्रेम माझ्यापुढं धरली. "बघ, द्राक्षाचा वेल आहे. लाकूड नाहीये, कसला तरी लगदा आहे, पण लांबून कळत नाही. उद्या माझा शेवटचा रविवार आहे, लॉर्न. लोकांनी तुझ्या रिकाम्या हातांकडे बघत बसावं असं मला नकोय. मला त्यांचं सगळं लक्ष हवंय."

"आणि कुणी विचारलं, कुणी केली, तर?"

"मला विचारलं तर मी म्हणेन, मला आवडली. ते खरं आहे. बाकीचं तुझं तू बघ. मी सोमवारपासून निवृत्त."

मी घरी येऊन वेल्माला सगळं सांगितलं. लपवण्यात अर्थ नव्हता, माझ्या हातात खिळे नव्हते. ती म्हणाली, "मग उद्या उठून खरं सांग."

"सगळ्यांसमोर?"

"'मी करतो' असं म्हणालास तेव्हा कुठं म्हणालास? तळघरात?"

रविवारी पास्टर स्पार्क्स जे गायले, ते मी लिहून दाखवू शकत नाही, आणि लिहिलं तर ते खरं वाटणार नाही. दीड तास. शेवटी मागच्या बाकांवरची माणसं उभी होती, पुढच्या बाकांवरची रडत होती, आणि वेल्मा एका हातानं ऑर्गन वाजवत दुसऱ्यानं डोळे पुसत होती. मग फोटोवरचं कापड ओढलं गेलं. सोनेरी वेल चमकला. "ब्रदर लॉर्न!" कुणी तरी ओरडलं. टाळ्यांचा गजर झाला. मी उठलो.

"बंधुभगिनींनो," मी म्हणालो, "ही फ्रेम मी केलेली नाही."

"नाही केलीस!" मागून आवाज आला. "देवानं केली! आमेन!"

"नाही, म्हणजे, माझा हातसुद्धा लागला नाही हिला..."

"त्याचा लागला! सांग, ब्रदर, सांग!"

मी वेल्माकडे बघितलं. सदतीस वर्षांच्या संसारात तिनं मला पुष्कळदा वाऱ्यावर सोडलंय, पण सूर द्यायला ती कधी चुकलेली नाही. तिनं खालचा एक स्वर धरला. आणि माझा आवाज, देवा शपथ, मी न सांगता वर चढायला लागला.

"मी प्रयत्न केला..."

"प्रयत्न केला!"

"फळी वाकली!"

"वाकली हो!"

"पातं मोडलं!"

"मोडू दे!"

"वीज गेली, अंधार झाला..."

"अंधार झाला, प्रभू!"

"मग मी दुकानात गेलो," मी डोळे मिटून गात होतो, "आणि त्या दुकानात मला कोण भेटलं?"

"येशू भेटला!" अख्खं चर्च उठून उभं राहिलं.

मी डोळे उघडून पास्टरांकडे बघितलं. ते मान डोलावत होते, ठेक्यावर, डोळे मिटून. मला मदत करायला डोळे उघडतील तर शपथ.

"विकत घेतलीय!" मी शेवटचा जोर लावून ओरडलो. "विकत घेतलेली आहे ही!"

"प्रभूनं मोल देऊन घेतली! रक्त सांडून घेतली!" आणि दोन म्हाताऱ्या बाकांमधल्या वाटेत नाचायला लागल्या. मी खाली बसलो. खरं मी बोललो होतो. इतक्या खणखणीत, इतक्या सुरात मी आयुष्यात कधी खरं बोललो नव्हतो, आणि एवढं कुणालाच कळलं नाही असंही कधी झालं नव्हतं.

चर्चच्या तळघरात जेवणं झाली. हॅम, बटाट्याचं सॅलड, गुळाचे पाव, आणि दोन बरण्या चाउचाउ, माणशी अर्धा चमचा. लोक येऊन माझा हात दाबत होते. असा नम्र माणूस पाहिला नाही म्हणत होते. मग सिस्टर अल्थीया बोर्डन चमच्यानं ग्लास वाजवून उभ्या राहिल्या. आम्ही बॅप्टिस्ट पंथाचे लोक मतदानाशिवाय खिडकीसुद्धा उघडत नाही.

"मालमत्ता समितीचा प्रस्ताव," त्या म्हणाल्या. "आपल्या आधीच्या सात पास्टरांचे फोटो मागच्या खोलीत टाचण्यांवर आहेत. त्यांनाही अशाच फ्रेमा हव्यात. याच वेलीच्या, आणि ब्रदर लॉर्न यांच्याच हातच्या."

हात वर झाले. सगळे. पास्टर स्पार्क्स यांचा सगळ्यात उंच. वेल्माचाही.

पांगापांग झाल्यावर मी सिस्टर अल्थीयांना गाठलं. त्या ब्लूबेरी पाय, म्हणजे फळं भरून भाजलेला गोड पदार्थ, कापत होत्या. "सिस्टर, मी वर काय सांगत होतो, तुम्ही ऐकलंत का?"

"एकेक शब्द ऐकला," त्या म्हणाल्या आणि माझ्या ताटलीत त्याचा एक तुकडा ठेवला. "मीसुद्धा काल दुपारी गेले होते त्या दुकानात, तुमच्यासाठी एक वेलीची फ्रेम घेऊन ठेवावी म्हणून. म्हटलं, काही झालं तरी आपला माणूस आहे."

मला भरून आलं. मनात आलं, सात काय, दहा घेऊ. गाडीत मावतील.

"पण नव्हती हो," सिस्टर अल्थीया म्हणाल्या. "वेलीची शेवटची फ्रेम सकाळी कुणी तरी गोड आवाजाच्या गृहस्थानं नेली म्हणाला तिथला माणूस. आता ती बनवणारच नाहीत म्हणे." त्यांनी सुरी पुसली. "तेव्हा सातही तुम्हालाच कराव्या लागणार, ब्रदर. खा, पाय गरम आहे."